कार्ड भरून मिळेल

'येथे मेमरी कार्ड भरून मिळेल' ही पाटी मी स्वतः रंगवली होती. 2009 साल. बारावी नुकतीच झालेली, आणि बीड जिल्ह्यातल्या केजच्या बसस्टँडसमोर एका मोबाइलच्या दुकानात मी महिना बाराशे रुपयांवर लागलो होतो. ऑइलपेंटचा डबा शेठनं आणून दिला. अक्षरं मोठी काढण्याच्या नादात 'भरून'पाशी पत्रा संपला आणि 'मिळेल' खालच्या ओळीत कोपऱ्यात दडपावं लागलं. पुढची दोन वर्षं लोक यायचे, पाटी 'भरून'पर्यंत वाचायचे आणि विचारायचे, "भरून काय?"

एक पिक्चर दहा रुपये. शंभर गाणी वीस रुपये. टू जीबीचं कार्ड गच्च भरून पन्नास. हा दर आमच्या दुकानाचा नव्हता, सगळ्या स्टँडचा होता. शेजारच्या दोन दुकानांत आणि आंबाजोगाईला गेलात तर तिथेही हाच. कोणी ठरवला ठाऊक नाही. चहाचा दर जसा ठरतो तसा तो ठरला असावा. घासाघीस व्हायची ती दरावर नाही, प्रिंटवर. 'हॉल प्रिंट' म्हणजे कोणीतरी टॉकीजमध्ये बसून चोरून काढलेला, मधूनच एखादं डोकं पडद्याआडून जाणारा. 'क्लिअर' म्हणजे सीडीवरून उतरवलेला. हॉल प्रिंटला आठ रुपये घे, असा हट्ट धरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं बरोबर होतं.

काम साधं होतं. गिऱ्हाइकाच्या मोबाइलची बॅटरी काढायची, खालचं नखाएवढं कार्ड काढायचं, रीडरमध्ये घालायचं. कॉम्प्युटरवर फोल्डर लावलेले असत: हिंदी, मराठी, साऊथ डबिंग, भक्ती, लावणी, तमाशा. लोक म्हणायचे 'टाकून दे' किंवा 'मारून दे'. गच्च कार्ड भरायला आठ-दहा मिनिटं लागायची, तेवढ्यात तो माणूस बाकड्यावर बसून आपल्या पिकापाण्याचं सांगायचा. पिक्चर अडीचशे-तीनशे एमबीचा, पडदा दोन इंचांचा. त्या पडद्यावर हिरो हिरॉइनचा हात धरतोय की व्हिलनचा, हे आवाजावरून ठरवावं लागे. चायना मोबाइलचे आवाज मात्र वरातीच्या बँडला लाजवतील असे.

खरा सीझन दसऱ्यानंतर. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मिळाली की टोळ्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघायच्या. ट्रक-ट्रॅक्टर लागायच्या आधीच्या आठवड्यात स्टँडवर पाय ठेवायला जागा नसे. बाया मीठ-मसाला, घासलेट, लेकरांचे स्वेटर घेत, आणि बाप्ये आमच्याकडे येत. पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात राहायचं, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, वीज नाही, टीव्ही नाही, पहाटे चारला उठून कोयता हाती घ्यायचा. कार्ड म्हणजे त्या सहा महिन्यांचा शिधा. ज्वारी जशी मोजून नेतात तसे ते पिक्चर मोजून नेत. "आठ बसतेत म्हनला ना? मग सातच कामून?" असं म्हणून काउंटरवर वाकून उभे राहत.

2010च्या दसऱ्यात माझे आई-नानाही अशाच एका टोळीत होते. कोरडवाहू साडेतीन एकरांनी त्या वर्षी काही दिलं नव्हतं, आणि माझ्या कॉलेजला पैसे लागत होते. त्यांना मी कोयता म्हणून जाताना पाहिलं, हे वाक्य बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. नानांचं कार्ड मी मन लावून भरलं. देवाचे दोन, मारामारीचे तीन, आईसाठी रडायचे दोन, आणि उरलेल्या जागेत एक वग. पैसे अर्थातच घेतले नाहीत. महिनाअखेरीला शेठनं पगारात पन्नास रुपये कमी दिले. "तुझ्या बापाचं कार्ड," एवढंच म्हणाला.

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, दुकानात कुणीच फुकट नेत नव्हतं, तर माझ्या बापानं तरी का न्यावं?

ही गोष्ट माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. पायरसीवर बोलणारी शहाणी माणसं एक गृहीत धरून बोलतात, की लोकांना सगळं फुकट हवं असतं. मी दोन वर्षं काउंटरमागे उभा होतो. ज्यांची दिवसाची मजुरी शंभर-दीडशे रुपये होती, ती माणसं एका पिक्चरचे दहा रुपये खिशातून काढून देत होती आणि पावती मागत नव्हती. ते कशाचे पैसे देत होते? पिक्चर शोधण्याचे, त्यांच्या मोबाइलला चालेल असा करून देण्याचे, कार्डात बसवण्याचे, आणि 'हा नका घेऊ, झोप येते' असं खरं सांगण्याचे. ज्यानं पिक्चर काढला त्याचा वाटा त्यात एक पैसाही नव्हता. पण तो वाटा गिऱ्हाइकानं नाकारला होता, असं मला म्हणता येणार नाही. तो त्यांच्याकडे मागायला कुणी आलंच नाही. गाण्यांच्या बाबतीत त्या सुमाराला संगीत कंपन्यांच्या संघटनेनं मोबाइल दुकानांना रीतसर परवाने देऊन कार्डात गाणी भरू द्यायची योजना काढली होती. आमच्या स्टँडपर्यंत ती काही पोचली नाही. पिक्चरवाल्यांनी तर नावच काढलं नाही. आले ते एकदाच, छापा घालायला, तेही बीडपर्यंत. शेठनं दोन दिवस कॉम्प्युटर घरी नेऊन ठेवला.

तमाशाच्या फोल्डरबद्दल सांगायला हवं. त्यात जत्रांमध्ये कुणीकुणी चोरून शूट केलेले वग असत. एका पावसाळ्यात, म्हणजे फड बंद होऊन मंडळी गावी परततात तेव्हा, पन्नाशीचा एक माणूस आला. बोटांना पट्ट्या. 'तमाशा दाखव' म्हणाला. मी एक फाइल लावली आणि त्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. ढोलकीवर तोच होता.

"टाक ह्यो."

"दहा रुपये."

"माझंच मला इकतूस व्हय रं?" असं म्हणून तो हसला आणि नोट काढली. शेठ शेजारी बसलेला. मी नोट ड्रॉवरमध्ये टाकली. कार्ड मोबाइलमध्ये घालून त्यानं तिथेच लावून कानाशी धरलं, बराच वेळ ऐकलं, आणि त्याचं तोंड पडलं. "ढोलकी डब्यावानी वाजतीय," म्हणाला. "नीट काढायचं तरी."

त्याला दहा रुपयांचं काही वाटलं नाही. चोरी करणाऱ्यानं आवाज नीट धरला नाही याचं वाटलं.

आम्ही स्टँडवर हे उद्योग करत होतो त्याच्या तीन-चार वर्षं आधी अमेरिकेत छोट्या पडद्यावरच्या पिक्चरचा वाजवी दर कोणता, याच प्रश्नावर वाद चालला होता, हे मला पुष्कळ नंतर समजलं. 2005च्या ऑक्टोबरात ॲपलचा व्हिडिओ दाखवणारा आयपॉड आला, पडदा अडीच इंच. म्हणजे आमच्या चायना मोबाइलच्या पडद्याहून अर्धाच इंच मोठा! पुढच्या सप्टेंबरात त्यांनी आयट्यून्सवर, म्हणजे आपल्या इंटरनेटवरच्या दुकानात, पिक्चर विकायला काढले. सुरुवातीला जेमतेम 75, तेही सगळे डिस्नेच्या घरातले. जुना पिक्चर 9.99 डॉलरला, नवा 14.99ला. तेव्हाच्या भावानं जुन्यालाच साडेचारशे रुपये झाले. गिऱ्हाइकांची तक्रार सरळ होती. डीव्हीडीसुद्धा साधारण एवढ्यालाच मिळते. तिच्यात चित्र अधिक चांगलं, वर डबी, डबीवर फोटो, जास्तीचे प्रसंग, आणि पाहून झाली की मित्राला देता येते. इथे ना तबकडी, ना डबी, ना ट्रकचं भाडं, ना दुकानाचं. मग त्या वाचलेल्या पैशांचं काय झालं?

तक्रार रास्त होती, पण तिच्यात एक चूक आहे, आणि ती मीही बरेच दिवस करत होतो. तबकडीची किंमत मुळात फार नसतेच. हे आपल्याकडे मोझर बेअरनं दाखवून दिलं. ही तबकड्या करणारी कंपनी. जगभरच्या कंपन्यांना कोऱ्या सीडी-डीव्हीडी पुरवायची. 2007मध्ये तिनं पिक्चरचे हक्क घेऊन व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. त्याआधी अस्सल डीव्हीडी म्हणजे काही शे रुपयांची गोष्ट. आमच्या गावात ती कोणाकडे असलीच तर डॉक्टरकडे. मोझर बेअरची सीडी किराणा दुकानात, साबणाशेजारी टांगलेली मी पाहिली आहे. नकली सीडी पंचवीसला आणि असली अठ्ठावीसला, असं झाल्यावर तीन रुपयांसाठी कोण नकली घेईल? माझ्या मामानं त्या वर्षी ओळीनं बावीस सीड्या घेतल्या. टीव्ही शोकेसमध्ये पुस्तकांसारख्या लावून ठेवल्या. आमच्या घराण्यातली ती पहिली लायब्ररी.

ती कंपनी पुढे कर्जात बुडाली, 2018मध्ये ती मोडीत काढायचा हुकूम झाला. त्याला कारणं बरीच होती: सौरऊर्जेच्या धंद्यातला तोटा, आणि मुख्य म्हणजे तबकडीच संपली. पण 28 रुपयांची कल्पना त्यामुळे खोटी ठरली असं मला वाटत नाही. ती कल्पना तबकडीबरोबर मेली आणि मोबाइलवर तिचा पुनर्जन्म झालाच नाही. भारतात आयट्यून्सचं दुकान उघडायला 2012चा डिसेंबर उजाडला, आणि ते उघडलं ते आयफोनवाल्यांसाठी, क्रेडिट कार्डवाल्यांसाठी. कोपीतल्या दोन इंची पडद्यासाठी नाही.

मला नेहमी टॉकीज आठवते. पूर्वी एकाच टॉकीजमध्ये पिट, स्टॉल, बाल्कनी असायचं. पिक्चर एकच, भिंती त्याच, पण पडद्याला नाक लावून मान वर करून बघणाऱ्याकडून बाल्कनीचे पैसे घ्यावेत असं कुठल्याही मालकाला वाटलं नाही. जत्रेतल्या तंबूतही हेच. मातीवर बसणाऱ्याचा दर वेगळा, खुर्चीचा वेगळा. हा शहाणपणा पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. आणि मोबाइल आल्यावर शिकले-सवरलेले लोक तो विसरले. नेटफ्लिक्स 2016च्या जानेवारीत भारतात आलं ते महिना 500 रुपयांचं सगळ्यात स्वस्त तिकीट घेऊन. पिट काढायला त्यांना साडेतीन वर्षं लागली. 2019च्या जुलैत फक्त मोबाइलवर, साध्या चित्रात, एकाच पडद्यावर बघायची 199ची सोय निघाली. 2021च्या डिसेंबरात ती 149वर आली. विचारलं असतं तर स्टँडवरच्या कोणाही शेठनं पहिल्या दिवशी हे सांगितलं असतं, चहाच्या बदल्यात.

पण नुसता आकडा खाली आणला म्हणजे दर वाजवी झाला, असंही नाही. आपण नक्की काय विकत घेतलं, हा पुढचा प्रश्न, आणि तो मला त्याहून चिवट वाटतो.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं घरी निघालो होतो. एका ॲपवर रीतसर पैसे भरून पिक्चर मोबाइलमध्ये उतरवून घेतला होता. नगर सोडलं, इअरफोन लावला, अर्धा तास झाला, आणि जामखेडच्या अलीकडे रेंज गेली. ॲपला तेवढ्यातच माझी ओळख पटवून घ्यायची हुक्की आली: इंटरनेटला जोडा. पिक्चर माझ्या हातात, माझ्या मोबाइलमध्ये, एक जीबी जागा अडवून बसलेला, आणि बघायला परवानगी नाही. कोपीत असं कधी झालं नाही. तिथे एकदा भरलेलं कार्ड उसाच्या पाचटात पडून चार दिवसांनी सापडलं तरी चालायचं.

कायद्याच्या भाषेत आपण पिक्चर विकत घेतच नाही, बघायचा परवाना घेतो. बटणावर मात्र 'विकत घ्या' असं लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियानं कायदाच केला, 1 जानेवारी 2025पासून लागू: हा परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, नाहीतर 'विकत' हा शब्द वापरू नका. असा कायदा करायची वेळ उगाच येत नाही. 2022मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या लोकांनी सोनीच्या प्लेस्टेशनवर पैसे देऊन घेतलेले एका स्टुडिओचे शेकडो पिक्चर त्यांच्या कपाटातून नाहीसे झाले, कारण सोनीचा आणि त्या स्टुडिओचा करार संपला होता. मामाच्या बावीस सीड्या अजून आहेत. प्लेअर बिघडलाय, ते सोडा.

भाड्याचं तसं नाही. तिथे शब्द तरी प्रामाणिक आहे. गूगलवर पिक्चर भाड्यानं घेतला की सुरू करायला 30 दिवस, आणि एकदा सुरू केला की संपवायला 48 तास. लायब्ररीतून सीडी दहा रुपयांना एका दिवसासाठी आणायचो तेव्हाही मुदत होतीच, म्हणून मला त्याचं वावडं नाही. पण सीडी आणली की अख्खी गल्ली बघायची. नानांच्या कोपीत त्या दोन इंची पडद्याभोवती सात-आठ माणसं असायची, हे आई अजून सांगते. मोबाइल डब्याला टेकवून मधे ठेवायचा, लेकरं पुढे, बाया मागे, चार्जिंगसाठी कारखान्याजवळच्या टपरीवाल्याला पाच रुपये, आणि ते पाच रुपये आळीपाळीनं. एका कार्डानं अख्खी टोळी सीझन काढायची. आजच्या हिशेबात पडदे मोजतात, यंत्रं मोजतात. डोकी कोपीतच राहिली.

मग वाजवी दर कोणता? मला कोणी विचारत नाही, पण मी गाडीत बसल्या बसल्या हा हिशेब बऱ्याचदा केला आहे. मोबाइलवर बघायला, चित्र साधं, एका घरापुरतं, मुदत नको, रेंज नको, आणि एकानं दुसऱ्याला द्यायची मुभा, जशी सीडीला होती: अशा जुन्या मराठी पिक्चरला मी वीस-पंचवीस रुपये डोळे झाकून देईन. महागाई धरून फार तर पन्नास-साठही देईन. आता भाड्याला शंभराच्या आगेमागे द्यावे लागतात, त्यात 18 टक्के जीएसटीही आला. पूर्वी मराठी पिक्चरला राज्यात करमणूक कर माफ होता, त्याची आठवण आता फक्त टॉकीजवाल्यांना असेल. आणि या शंभरातले ढोलकीवाल्यापर्यंत किती जातात? टाकून देणारा गेला म्हणून त्याचा वाटा कलाकाराकडे वळला, असं काही मला दिसलं नाही. तो वाटा दुसऱ्याच काउंटरवर जाऊन बसला. ते काउंटर आपल्याला दिसत नाही, एवढंच.

आमचं काउंटर 2016च्या सप्टेंबरात संपलं. जिओचा डेटा फुकट झाला आणि दिवाळीपर्यंत कार्ड भरायला येणारं माणूस दिसेना. शेठ आता कव्हर विकतो, स्क्रीन गार्ड बसवतो. गंमत अशी की चोरीचा भावसुद्धा त्यानंतरच शून्यावर आला. टेलिग्रामवर लिंक येते, पोरं उतरवून घेतात, कोणालाच काही द्यावं लागत नाही. 2023मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा सुधारून चोरून शूट करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड ठेवला. कायदा हवाच. पण दहा रुपये देणारं गिऱ्हाईक आपल्या दारात उभं होतं तेव्हा कोणी दार उघडलं नाही, आणि आता ते निघून गेल्यावर कुलूप बदलून घेतलं, असं मला राहून राहून वाटतं. त्यात मी कोणत्या बाजूला होतो हेही विसरता येत नाही. ड्रॉवरमध्ये नोट मी टाकली होती.

यंदा दिवाळीला घरी गेलो. नाना आता सत्तरीला आलेत, तोडीला जाणं केव्हाच सुटलं, गुडघे गेले. त्यांच्यासाठी मी माझ्या मोबाइलवर एक जुना मराठी पिक्चर भाड्यानं घेऊन नेला होता, कोपीतल्या कार्डात होता त्यातलाच. पडदा आता साडेसहा इंच. जेवणं झाली, ओसरीवर बाजेवर बसून त्यांनी मोबाइल उशीला टेकवला, आईला हाक मारली, शेजारचे आप्पा आले. नाना पिक्चरच्या आधीच वाक्यं म्हणत होते. मध्यंतराच्या सुमाराला आप्पा उठून गेले आणि नाना झोपले. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, पाहुणे, बहिणीची पोरं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी होती, आणि 48 तासांतले नऊ-दहा राहिले होते.

"ऱ्हायलेला माझ्या मोबाइलात टाकून दे," नाना म्हणाले.

मी त्यांना समजावून सांगायला लागलो. मोबाइल माझा, खातं माझं, तुमच्या मोबाइलात जात नाही. ते ऐकत राहिले, मुकादमाचा हिशेब ऐकताना ऐकायचे तसे.

"पैसे दिलेस ना?"

"दिलेत की."

"मग?"

मी त्यांचा मोबाइल घेऊन गच्चीवर गेलो. तिथे रेंजच्या दोन काड्या येतात. त्यांच्या खात्यात तोच पिक्चर पुन्हा भाड्यानं घेतला, पुन्हा शंभराच्या आगेमागे, आणि तो उतरेपर्यंत पाऊण तास टाकीला टेकून बसून राहिलो. पलीकडच्या रस्त्यानं टोळीचा एक ट्रॅक्टर चालला होता, वर बोचकी, बोचक्यांवर लेकरं, आणि एका पोराच्या तोंडावर मोबाइलचा उजेड.

खाली येऊन मोबाइल नानांच्या हातात दिला. त्यांनी लावून बघितला, आवाज वाढवून बघितला.

"किती घेतले?"

"दहा."

"आजून दहाच? बरंय की," नाना म्हणाले. "मग आईसाठी बी एक टाक. तो रडायचा व्हता, त्यो."